रबर लावलेल्या पिशव्यांचा बंदोबस्त

मागच्या वर्षी आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातून येताना मी अर्धा किलो साबुदाणा घेऊन आलो. बायकोही घेऊन आली होती. आईने दुपारीच खालच्या वाण्याकडून मागवून ठेवला होता. तिन्ही पिशव्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग जुना किती आहे ते शोधायला घेतलं, तर ट्रॉलीच्या पाठीमागून, माळ्यावरच्या डब्यातून आणि मिक्सरच्या खोक्यातून आणखी चार पिशव्या निघाल्या. चारही फोडलेल्या, चारही रबर लावलेल्या. साबुदाणा निदान जागचा हलला तरी नव्हता. त्याच शोधात सापडलेला रवा चालत होता.

आमचं घर ठाण्यात, घोडबंदर रोडवर मानपाड्याला. स्वयंपाकघर आठ बाय नऊ. जागा कमी आहे अशी तक्रार आम्ही दहा वर्षं केली. त्या संध्याकाळी कळलं की जागा पुरेशी होती, फक्त एकाच जिनसेला पाच पाच घरं मिळाली होती. त्यानंतर महिनाभर थोडं थोडं करून सगळं वाणसामान नव्याने लावलं आणि ते वर्ष उलटून गेल्यावरही जागेवर आहे. कसं लावलं ते सांगतो. आधी फसलो होतो तेही सांगतो, कारण शिकलो त्यातूनच.

डबे आत्ता विकत घेऊ नका

साबुदाण्याच्या आधी दोन वर्षं आम्ही एकसारख्या चोवीस बरण्यांचा संच मागवला होता. मांडणी फोटो काढण्यासारखी झाली आणि तीन महिन्यांत मोडली. कारण साधं होतं. बरणी पाऊण लिटरची, डाळीची पिशवी किलोची. प्रत्येक वेळी दीड पाव डाळ पिशवीतच उरायची, तिला रबर लागायचं आणि ती जिथे फट दिसेल तिथे सरकवली जायची. पुढच्या महिन्यात नवी पिशवी यायची, जुनी कुणाला आठवायची नाही.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. एक वही घ्या आणि काहीही न हलवता, एकेक दार आणि एकेक ट्रॉली उघडून लिहीत जा: काय आहे, कुठे आहे, अंदाजे किती आहे. तासाभराचं काम आहे, पण एकट्याने करू नका. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. आमच्याकडे ९४ जिनसा निघाल्या. मोहरी पाच ठिकाणी होती. हिंगाच्या चार डब्या होत्या आणि चारही फोडलेल्या. शिवाय एक वर्ग असा निघाला, ज्याला आई ‘कोणी आणलं हे?’ म्हणते: ओट्स, पास्ता, किन्वा, कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या जवसाच्या तीन पुड्या.

नोंद झाली की प्रत्येक जिनसेसमोर एक खूण करा: रोज लागतं, आठवड्यातून लागतं, सणावाराला लागतं, वर्षाचं साठवण आहे, किंवा कोणीच खात नाही. पुढचं सगळं या खुणांवर चालणार आहे, त्यामुळे इथे स्वतःशी खोटं बोलू नका. किन्वा ‘आठवड्यातून’ नसतो.

ही मोजणी शक्यतो मे महिन्यात करा, मृग लागायच्या आत. ठाण्यात एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा असा असतो की उघडा ठेवलेला पापड संध्याकाळपर्यंत वाकतो. पावसात डबे धुतले तर ते नीट वाळत नाहीत आणि न वाळलेल्या डब्यात भरलेलं सामान आठवड्यात कुबट होतं. मे हुकला, तर ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा. दिवाळीच्या फराळाआधी जागा मोकळी होते हा वरचा फायदा.

काढायचं काय, ठेवायचं काय

सगळं सामान एका रविवारी बाहेर काढा, असं बरेच जण सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. दुपारी चारपर्यंत घरभर डबे, पायाखाली डाळ, आणि मग कंटाळून जे जिथे बसेल तिथे कोंबलं जातं. एका दिवशी एकच कप्पा किंवा एकच ट्रॉली घ्या. आठ-दहा दिवसांत होतं आणि रोजचा स्वयंपाकही थांबत नाही.

काढून टाकताना छापलेल्या तारखेपेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवा. तेल असलेल्या वस्तू आधी हुंगा: सुकं खोबरं, दाण्याचं कूट, तीळ, अक्रोड, काजू. खवट वास आला की संपलं. भाजून तो जात नाही. बाजरीचं पीठही याच यादीत येतं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळल्यावर ते लवकर कडवट होतं. ते पंधरा दिवसांना पुरेल एवढंच दळून आणावं. ज्वारीचं महिनाभर चालतं. गव्हाची कणीक महिना-दीड महिना, पावसाळ्यात त्याहून कमी.

शेंगदाण्यांबाबत थोडं कडक व्हा. बुरशी दिसली, दाणे काळपट-हिरवट वाटले किंवा चव कडू लागली, तर निवडून चांगले वेगळे काढायचा मोह नको, पूर्ण पिशवी टाका. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही. बुरशी लागलेलं कबुतरांनाही घालू नका.

जे चांगलं आहे, पण पाव वाटी इथे आणि मूठभर तिथे असं उरलंय, त्याचं काय? त्याची भाजणी करा. माझ्या मते थालीपिठाची भाजणी हा कोठी रिकामी करण्याचा आपल्याकडचा सर्वांत शहाणा उपाय आहे. साधारण अंदाज असा: बाजरी आणि ज्वारी दोन-दोन वाट्या, गहू, तांदूळ, हरभरा डाळ एक-एक वाटी, उडीद अर्धी वाटी, धणे अर्धी वाटी, जिरं दोन चमचे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर खमंग भाजायचा, पूर्ण गार करायचा आणि मग गिरणीत द्यायचा. मूग, मटकी, मसूर उरलेली असेल तर तीही जाते. प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तर थालीपीठ तक्रार करत नाही. आमच्या पहिल्या साफसफाईतून दोन किलो भाजणी निघाली.

प्रत्येक जिनसेला दोनच जागा

सगळी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी आहे. एक रोजचा डबा, एक कोठी. तिसरी जागा नाही. रोजचा डबा म्हणजे स्वयंपाक करताना हात जातो तो. कोठी म्हणजे न फोडलेली पिशवी ठेवायची जागा, आणि ती घरात एकच असते. आमची कोठी म्हणजे फ्रीजशेजारच्या उभ्या कपाटाचे खालचे दोन कप्पे. तिथे फक्त बंद पिशव्या. फोडलेली पिशवी कोठीत परत जात नाही. फोडली की पूर्ण डब्यात रिकामी व्हायला हवी, म्हणजेच डबा तेवढा मोठा हवा.

त्यावरून डब्यांचं माप ठरतं. एक लिटरच्या डब्यात तांदूळ, डाळ किंवा साखर साधारण आठशे ते साडेआठशे ग्रॅम मावते. म्हणजे किलोच्या पिशवीला सव्वा लिटरचा डबा जेमतेम पुरतो. तळाशी थोडं जुनं असतानाच आपण नवं भरतो, म्हणून दीड लिटरचा घ्या. कणीक हलकी असते, लिटरमध्ये अर्धा किलोच्या थोडी वर जाते. पाच किलोला दहा लिटरचं पिंप लागतं. पोहे तर फारच जागा खातात. जाडे पोहे अर्धा किलो आणत असाल, तर दोन लिटरच्या खालचा डबा घेऊच नका. घरात असलेला डबा किती लिटरचा आहे हे कळत नसेल, तर पाण्याच्या लिटरच्या बाटलीने भरून बघा आणि तळाशी मार्करने आकडा लिहून ठेवा.

चौकोनी डबे घ्या, हे ऐकलं असेल. त्यामागचं गणित असं: गोल डबा त्याच रुंदीच्या चौकोनी डब्यापेक्षा साधारण २१ टक्के कमी जागा वापरतो, म्हणजे चार कोपरे वाया जातात. आठ बाय नऊच्या स्वयंपाकघरात हे लक्षात येण्याइतकं आहे. पण म्हणून घरातले स्टीलचे गोल डबे भंगारात काढू नका. माळ्यावर किंवा खोल कपाटात ते उत्तम, आणि गूळ, चिवडा, पापड यांना स्टीलसारखं दुसरं काही नाही. आम्ही नवे फक्त अकरा डबे घेतले, सगळे रोजच्या ट्रॉलीसाठी. चिंच आणि आमसूल तेवढं स्टीलमध्येही नको, काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, डब्यात तर मुळीच नको, आंबटाने तो खाल्ला जातो.

नावाची पट्टी झाकणावर लावू नका. झाकणं बदलतात. आमच्याकडे एकदा धुतलेल्या डब्यांची झाकणं अदलाबदल झाली आणि पाहुण्यांसमोर आलेल्या शिऱ्यात इडलीचा रवा होता. पट्टी डब्याच्या अंगावर लावायची. ट्रॉली वरून उघडते, तिथे झाकणावरही लावा, पण अंगावर तर हवीच. कागदी चिकटपट्टी आणि पेन पुरे. नावाखाली भरल्याची तारीख. तांदळाचं पीठ, कॉर्नफ्लोअर, पिठीसाखर आणि मैदा यांचे डबे एकमेकांशेजारी ठेवू नका, पट्टी असली तरी. घाईत कोणी वाचत नाही.

कुठे काय

गॅसच्या वरच्या कपाटात मसाले ठेवायची पद्धत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. वाफ, उष्णता आणि तेलाचा थर तिन्ही तिथेच. तिखटाचा रंग उतरतो, हळदीच्या गुठळ्या होतात. मिसळणाचा डबा गॅसजवळच हवा, पण त्यात आठवड्याचंच भरा. मोठ्या बरण्या दुसऱ्या भिंतीला. त्या गॅसवरच्या कपाटात आम्ही आता ताटं आणि कढया ठेवतो.

सिंकखालच्या कपाटात धान्य, कांदे, बटाटे काहीही नाही. तिथे नळ कधीतरी गळणारच. बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाचा मारा घेणारी भिंत ओळखून ठेवा आणि तिथले डबे भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढा. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवले की बटाट्यांना कोंब लवकर फुटतात, त्यांना वेगळं करा आणि हवा लागू द्या. तेलाचा पाच लिटरचा कॅन, कणकेचं पिंप, तांदूळ हे खाली, पण ट्रॉलीत नाही. ट्रॉलीच्या पट्ट्या वजनाने वाकतात आणि मिस्त्री येईपर्यंत पंधरा दिवस ती अर्धवट उघडीच राहते. आमची राहिली.

यानंतरचं पाऊल मी आधीच्या खेपेला विसरलो होतो. तुमच्या घरात स्वयंपाक नेमका कोण करतं? आमच्याकडे सकाळच्या पोळ्या आणि भाजी मावशी करतात. त्या माझ्यापेक्षा वीतभर तरी बुटक्या आहेत. मी मोठ्या हौसेने लावलेल्या वरच्या कप्प्यातले डबे त्या स्टुलावर चढून काढायच्या आणि परत वर ठेवायचा कंटाळा करून ओट्यावरच सोडायच्या. मी महिनाभर मनात कुरकुरलो. शेवटी त्यांनाच विचारलं, ‘मावशी, तुम्ही सांगा कुठे काय ठेवू.’ त्यांनी पाच मिनिटांत चार डबे हलवले. तेव्हापासून ओटा मोकळा आहे. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्या चहा-साखरेचं, शेवयांचं आणि सुंठीचं सगळं कमरेच्या उंचीवर. मुलीचा खाऊ तिच्या हाताला येईल असा, म्हणजे खुर्चीवर चढून ती बाकीचं सांडत नाही.

आणि एक उथळ टोपली नजरेच्या उंचीवर: ‘संपवायचं’. सणाचं उरलेलं, तारीख जवळ आलेलं, उत्साहाने आणलेलं सगळं या टोपलीत. बुधवारी रात्रीचं जेवण तिच्यातलं काहीतरी घेऊनच करायचं. किन्वाचा उपमा आम्ही असाच संपवला. पुन्हा आणला नाही.

कीड: ती आपल्याच पिशवीतून येते

पावसाळ्यात किडे ‘होतात’ असं आपण म्हणतो, जणू हवेतून पडतात. बहुतेक वेळा अंडी दुकानातून किंवा गोदामातूनच धान्यात आलेली असतात. दमट उबदार हवेत ती फुटतात. तांदळातला सोंड्या दाणा पोखरून आत अंडं घालतो, त्यामुळे बाहेरून तांदूळ स्वच्छ दिसतो. मटकी, मूग, चवळीवर पांढरे बारीक ठिपके दिसले, तर ती भुंगेऱ्याची अंडी. गोल भोक दिसलं, तर भुंगेरा बाहेरही पडला. रव्यात, बेसनात, सुक्या मेव्यात जाळी धरली असेल, तर पतंगाच्या अळ्या. ओट्याजवळ संध्याकाळी बारीक करडे पतंग उडताना दिसले की डबे तपासायची वेळ झाली.

आम्ही पावसाळ्यात पाळतो ते असं. रवा, बेसन, मैदा, मटकी, चवळी घरी आली की पिशवी न फोडता चार दिवस फ्रीजरमध्ये. फ्रीज जुना असेल, तर आठवडा. त्या थंडीत अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर लगेच फोडायचं नाही. पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि केलेलं सगळं वाया जातं. फ्रीजरमध्ये जागा नसेल, तर रवा मंद भाजून, गार करून भरा. फ्रीजच्या दारात खसखस, तीळ, सुकं खोबरं आणि काजू कायमचे.

उन्हात घालायची आपली जुनी रीत चांगलीच आहे, पण ऊन खाल्लेलं धान्य गरम असताना डब्यात भरू नका. झाकणाच्या आत वाफ धरते. संध्याकाळी पसरून गार झालं की भरा. वर्षाचे गहू किंवा तूरडाळ भरत असाल, तर एरंडेल हाताला चोळून ते दाण्यांना लावायचं, हाताला लागेल इतकंच. वापरण्याआधी धुतलं की जातं. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कडक वाळवलेला. ओलसर पाला घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. तमालपत्र, लवंगा, सुक्या मिरच्या यांचा थोडा उपयोग होतो, पण आधीच आत असलेली अंडी त्यांना घाबरत नाहीत.

दोन गोष्टी घरात आणूच नका. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात टाकायची पद्धत अजून काही घरांत आहे, ती सोडा. आणि गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर कधीच नाही. त्यांच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो जीवघेणा असतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव घेतलेला आहे. कोणी ‘एक गोळी टाक, वर्षभर बघायला नको’ म्हणालं, तर हात जोडा.

एखाद्या डब्यात कीड निघालीच, तर फक्त तो डबा साफ करून भागत नाही. आजूबाजूचे सगळे डबे उघडा. ट्रॉलीच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकात, झाकणाच्या रबराच्या खाचेत कोष असतात. जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा, कोरड्या फडक्याने पुसा. कप्प्यात वर्तमानपत्र अंथरत असाल, तर ते बंद करा. त्याखाली झुरळं आणि कोष दोन्ही सुखात राहतात. पावसाळ्यात डबे धुवायची घाई नको. पुसा, आणि धुतलेच तर पंख्याखाली रात्रभर उघडे ठेवून सकाळी भरा.

वर्षाच्या मसाल्याचं वेगळं. लाल तिखट आणि गोडा मसाला एप्रिल-मेमध्ये होतो. ब्याडगी, संकेश्वरी आणायला आम्ही वाशीच्या मसाला मार्केटला जातो, निम्मी मजा त्या फेरीतच असते. मोठी बरणी हिंगाचे खडे घालून, घट्ट दाबून भरतो आणि वरून कापड बांधतो. पावसाळ्यात ती फक्त उघडीप असेल त्या दिवशी, दुपारी, कोरड्या चमच्याने उघडायची आणि महिन्याचं लहान बरणीत काढून घ्यायचं. ओल्या चमच्याने वर्षाचं तिखट गेलेलं मी पाहिलंय. आईने त्यावर दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं होतं.

आणायचं किती

पूर्वी कोठीची खोली असायची, वर्षाचं धान्य भरलं जायचं, कारण पावसात रस्ते बंद व्हायचे आणि दुकानं लांब होती. आता खाली वाणी आहे, चार इमारती सोडून मोठं दुकान आहे, दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप आहेत. तरी आपण साठवतो मात्र आजीसारखे, फक्त तिच्याकडे खोली होती आणि आपल्याकडे दोन कप्पे. माझं मत असं की ठाण्यात राहणाऱ्याने वाण्याचं दुकान हीच आपली कोठी समजावी आणि घरात रोजच्या जिनसेची एक पिशवी पुढची ठेवावी, बस.

अपवाद दोन. तांदूळ आणि तूरडाळ आम्ही दोन महिन्यांची एकदम आणतो, जांभळी नाक्यावरून. तिथे दाणा हातात घेऊन बघता येतो, भावही बोलता येतो. आम्ही वाडा कोलम खातो. वाडा तालुका २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये गेला, आणि त्या तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव प्रसिद्ध झाल्यापासून कोणताही बारीक तांदूळ ‘वाडा कोलम’ म्हणून विकला जातो, म्हणून पहिल्यांदा दोन किलोच आणून शिजवून बघा. पोतं घ्यायचं असेल, तर मजल्यावरच्या दोन-तीन घरांत वाटून घ्या. स्वस्त मिळालं म्हणून दहा किलो घरात आणणं आणि जुलैमध्ये त्यातले तीन किलो पाखडत बसणं हा काही फायदा नाही.

यादी फ्रीजच्या दारावर कागदाची. फोनवर ठेवून पाहिली, मावशी आणि आई फोनवर लिहीत नाहीत, म्हणून ती कायम अपुरी असायची. नियम एकच: कोठीतली शेवटची पिशवी जो फोडेल, त्याने तिथल्या तिथे नाव लिहायचं. मावशींना लिहायचा कंटाळा येतो, तर त्या पिशवीचा नाव असलेला तुकडा फाडून चुंबकाखाली अडकवतात. त्यांची पद्धत आमच्यापेक्षा चांगली निघाली. कोणता, किती वजनाचा, सगळं त्यावर छापलेलंच असतं.

दुकानात जायच्या आदल्या रात्री एक कप्पा बघायचा. सगळे नाही, एक. पुढचे डबे उघडायचे, कोठीतल्या नव्या पिशव्या मागे आणि जुन्या पुढे आहेत ना ते पाहायचं, फडका मारायचा. दहा मिनिटं लागतात. दोन महिन्यांत सगळं स्वयंपाकघर एकदा नजरेखालून जातं. वेगळा साफसफाईचा दिवस आम्ही ठेवलेला नाही, कारण तो कधी उगवत नाही.

जुन्यात नवं ओतू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे ओततात. तळाचं आधी वाटीत काढा, नवं भरा, जुनं वरून घाला. तेवढाही वेळ नसेल, तर नवी पिशवी फोडूच नका, जुनं संपेपर्यंत कोठीत राहू द्या.

दिवाळीत मोडेल, मोडू द्या

फराळाच्या आठवड्यात ही व्यवस्था टिकत नाही. पाच किलो बेसन, मैदा, पोहे, डाळं, पिठीसाखर, डालडा की तूप यावरचा वाद, सगळं एकदम घरात येतं. पहिल्या वर्षी मी ते रोजच्या डब्यांत बसवायला गेलो आणि पुन्हा रबर लावलेल्या पिशव्या सुरू झाल्या. आता एक मोठा पुठ्ठ्याचा खोका जेवणाच्या टेबलाखाली ठेवतो, त्यावर ‘दिवाळी’ लिहितो. फराळाचं सगळं सामान त्यातून निघतं आणि त्यातच परत जातं, ट्रॉलीत शिरत नाही. गणपतीत तांदळाच्या पिठीचा आणि गुळाचा एक लहान खोका तसाच असतो. उपवासाचं म्हणाल तर साबुदाणा, वरई आणि शिंगाड्याचं पीठ यांचे तीन डबे एका टोपलीत आहेत, आणि त्या टोपलीला यंदा आषाढीच्या आदल्या दिवशी विचारल्याशिवाय कोणी दुकानात गेलं नाही.

दिवाळीचा खोका तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो. त्या दिवशी तो उचलायचा. गेल्या वेळी त्यात अर्धा किलो मैदा आणि वाटीभर पिठीसाखर उरली होती. आईने त्याचे शंकरपाळे केले आणि मुलगी खोक्यात जाऊन बसली.